आजोबांच्या नावावरची शेती: वारस नोंदीपासून नव्या सातबाऱ्यापर्यंत

महाराष्ट्रातल्या कितीतरी सातबाऱ्यांवर वर्षानुवर्षं मयत माणसांची नावं चालत आली. २०२५ साली सरकारला 'जिवंत सातबारा' नावाची खास मोहीम काढावी लागली, ती याचसाठी. शेत नातू कसतो, कर्ज बापाच्या नावावर असतं, वीजजोडणी आजोबांच्या नावावर आणि सातबाऱ्यावर पणजोबा. कुणी विचारत नाही तोवर हे चालून जातं. विचारणारा येतो तेव्हा तो रस्त्यासाठी जमीन संपादन करणारा अधिकारी असतो, नाहीतर पीकविम्याची रक्कम अडलेली असते, नाहीतर आत्याची मुलं हिस्सा मागायला दारात उभी असतात.

काम अवघड नाही, पण ते क्रमानं करावं लागतं: कागद, वंशावळ, वारस नोंद, हिश्शांचा हिशोब, मोजणी, वाटणीचा दस्त आणि शेवटी फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची महसुली नोंद. बहुतेक घरांत सुरुवात मधूनच होते. चार माणसं दोरी धरून शेताचे तुकडे पाडतात, बांध घालतात आणि वीस वर्षं आपापलं कसतात. कागदावर मात्र सगळी जमीन सामाईकच राहते. मग एक भाऊ जातो, त्याच्या मुलांना तो तोंडी व्यवहार मान्य नसतो आणि प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं. म्हणून हा क्रम मोडू नका.

आधी कागद वाचायला शिका

चालू सातबारा आणि ८अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीसह मिळतो. तेवढ्यावर थांबू नका. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी आणि खाली फेरफारांचे क्रमांक दिलेले असतात. त्यातला प्रत्येक क्रमांक म्हणजे गाव नमुना ६ मधली एक नोंद. या सगळ्या फेरफारांच्या नकला काढा. ऑनलाइन न सापडलेल्या तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज देऊन मिळतात. शेत तुमच्या घरात कुठून आलं, याचं उत्तर याच नोंदींत आहे: आजोबांनी विकत घेतलं, पणजोबांकडून आलं, की कूळ म्हणून मिळालं. पुढचा सगळा हिशोब या उत्तरावर उभा राहतो.

सातबाऱ्यावरच्या चार गोष्टी नीट पाहा.

कंसातलं नाव: सातबाऱ्यावर एखादं नाव कंसात घातलेलं असेल तर त्या माणसाचा हक्क कमी झाला आहे. कोणत्या फेरफारानं कमी झाला ते उघडून बघा. बहिणींची नावं कधी कधी अशीच कंसात गेलेली असतात आणि त्यांनी नोंदणीकृत काहीच दिलेलं नसतं.

'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.': म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर किंवा कर्ता. जुन्या काळी चार भावांच्या जमिनीवर थोरल्याचंच नाव लावायची पद्धत होती. सर्वाधिक अन्याय झाला आहे तो या नोंदीतून. कर्ता वारला की त्याच्याच बायकामुलांची वारस नोंद होते आणि धाकट्या भावांची शाखा कागदावरून पुसली जाते. तुमच्या सातबाऱ्यावर ही अक्षरं असतील तर कर्त्याबरोबर कोण कोण सहहिस्सेदार होते हे मूळ फेरफारातून काढा आणि सगळ्यांची नावं लावून घ्या.

'अ.पा.क.': अज्ञान पालनकर्ता. नोंदीच्या वेळी मूल लहान होतं. ते अठरा वर्षांचं झालं की जन्माचा दाखला जोडून अर्ज करायचा आणि पालकाचं नाव कमी करून घ्यायचं. हे राहून जातं आणि चाळिशीतला माणूस सातबाऱ्यावर अज्ञानच दिसतो.

भोगवटादार वर्ग: वर्ग १ असेल तर वाट मोकळी आहे. वर्ग २ असेल, म्हणजे जमीन कुळकायद्यानं, इनामातून किंवा सरकारी वाटपातून आलेली असेल, तर कोणत्या अटीवर मिळाली ते 'इतर हक्क' रकान्यात आणि मूळ फेरफारात वाचा. वाटणीला किंवा हस्तांतराला परवानगी लागते का, हे तहसीलमध्ये लेखी विचारून घ्या. परवानगीशिवाय केलेला व्यवहार शर्तभंगात जातो.

क्षेत्राचं गणितही इथेच पक्कं करा. सातबाऱ्यावर १.६२.०० लिहिलं असेल तर ते १ हेक्टर ६२ आर, म्हणजे ४ एकर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, त्यामुळे दोन्ही एकच धरले तरी घरगुती बोलण्यात चालतं, दस्तात मात्र नाही. गुंठ्याचं माप साखळीचं आहे: साखळी ३३ फुटांची आणि ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. पोटखराबा, म्हणजे शेतातला लागवडीला न येणारा भाग, एकूण क्षेत्रात मोजलेला असतो, पण लागवडीखाली धरलेला नसतो. वाटणीत तोही वाटायचा असतो, हे विसरू नका.

वंशावळ

सातबाऱ्यावर जे शेवटचं मयत नाव आहे, तिथून खाली झाड काढा. कोऱ्या कागदावर, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून. प्रत्येक नावापुढे जिवंत की मयत, मयत असेल तर तारीख, आणि लग्न झालेल्या मुलींची सासरची नावं लिहा. मुलगी वारली असेल तर तिची मुलं, मुली आणि नवरा. सून विधवा असेल तर ती. दत्तक गेलेला आणि दत्तक आलेला मुलगा, दोघंही.

तारखांना इतकं महत्त्व देण्याचं कारण कायद्यात आहे. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. त्याआधी वारलेल्या माणसाच्या मिळकतीला जुने नियम लागतात. मुलींना मुलाइतकाच जन्मजात हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री तिनं उलटत नाही. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं मिळतो, म्हणून २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. 'वडील आधीच वारले होते, बहिणीला काही नाही' हे गावात अजून ऐकू येणारं वाक्य त्या निकालानंतर खोटं आहे.

वंशावळीत नाव गाळलं तर काय होतं, हेही सांगायला हवं. नोंद झाली म्हणून गाळलेल्याचा हक्क संपत नाही. महसुली नोंद खरी मानली जाते ती उलट सिद्ध होईपर्यंतच. गाळलेली बहीण दहा वर्षांनी उभी राहते, तोवर जमीन विकलेली असते, आणि मग खरेदी घेणारा, भाऊ, भाचे सगळे एकाच दाव्यात पक्षकार होतात. शपथपत्रावर खोटी वंशावळ देणं हा गुन्हा आहे, तो वेगळाच.

वारस नोंद

मृत्यूनंतर ३ महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४९ सांगतं. उशीर झाला म्हणून नोंद नाकारली जात नाही. अर्ज ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या करता येतो किंवा चावडीवर हातानं देता येतो.

सोबत मृत्यूचा दाखला, चालू सातबारा आणि ८अ, वंशावळीचं शपथपत्र, सर्व वारसांचे आधार, शिधापत्रिका, आणि प्रत्येकाचं वय, नातं, पत्ता, फोन नंबर. सासरी असलेल्या बहिणींचे पत्ते चालू असलेलेच द्या. माहेरचा पत्ता घालून नोटीस परस्पर 'बजावली' असं दाखवणं पुढे सगळी नोंद मोडून काढतं.

तलाठी आधी वारसांची नोंद नमुना ६क मध्ये घेतो, गावात चौकशी करतो. मग फेरफार धरला जातो, सर्व हितसंबंधितांना नोटीस जाते, आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर नोंद नमुना ६अ या विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते. निकाल मान्य नसेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील ६० दिवसांत.

मधली पिढी वारलेली असेल तर आजोबांची नोंद आणि वडिलांची नोंद अशा दोन पायऱ्या लागतात. थेट आजोबांवरून नातवावर उडी मारायची घाई करू नका. मधल्या पायरीवर आत्या असतात, काका असतात, आणि उडी मारलेल्या नोंदीत गळून पडणारी नावं नेमकी त्यांचीच असतात.

आजीला तर हमखास विसरतात. आजोबांची विधवा म्हणून तिचा हिस्सा आजोबांच्या पिढीतच निघतो. आणि तिच्या डोळ्यांदेखत मुलगा गेला, तर त्या मुलाच्या हिश्शातही ती आई म्हणून पहिल्या वर्गाची वारस आहे. बाप मात्र पहिल्या वर्गात येत नाही.

मृत्युपत्र असेल तर नोंद त्याप्रमाणे मागता येते. मृत्युपत्र नोंदणीकृत असायलाच हवं असं नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. पण वडिलोपार्जित शेतीत माणूस फक्त स्वतःच्या हिश्शाचंच मृत्युपत्र करू शकतो. सगळं शेत एका मुलाला लिहून ठेवलेला कागद म्हणूनच अर्धवट टिकतो.

कुणाचा किती हिस्सा

चार एकर, १६० गुंठे शेत घेऊ. वडील वारले. मागे आई, दोन भाऊ, एक बहीण. शेत वडिलांनी स्वतः घेतलेलं असेल तर सरळ चार हिस्से, प्रत्येकी ४० गुंठे.

शेत वडिलोपार्जित असेल तर आधी वडील जिवंत असताना वाटणी झाली असं धरायचं: वडील, आई, दोन भाऊ, बहीण, असे पाच हिस्से, प्रत्येकी ३२ गुंठे. मग वडिलांचे ३२ गुंठे चौघांत, प्रत्येकी ८. बेरीज पुन्हा ४० च. साध्या घरात दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं, म्हणून 'वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित' यावर रात्र जागवण्याआधी आकडे मांडून बघा. फरक पडतो तो आजी हयात असेल, मृत्युपत्र असेल किंवा मधली वाटणी झालेली असेल तेव्हा.

एका भावाला तीन मुलं आणि दुसऱ्याला एक, म्हणून पहिल्याला जास्त, असं होत नाही. नातवंडांचा वाटा त्यांच्या बापाच्या वाट्यातून निघतो. एक भाऊ आधीच वारला असेल तर त्याची बायको आणि मुलं मिळून त्याचा एक हिस्सा घेतात.

बहिणीचा हक्क आणि हक्कसोड

बहिणीला हिस्सा नको असेल तर तिनं हक्कसोडपत्र द्यायचं, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करूनच. नोटरी केलेला कागद, तलाठ्यापुढचा जबाब, स्टॅम्प पेपरवरची सही, यातल्या कशानंही तिचा हक्क सुटत नाही. हक्कसोड कुणाच्या लाभात आहे तेही दस्तात नाव घालून लिहा. 'भावांच्या लाभात' एवढंच लिहिलं तर कोणत्या भावाला किती, हा नवा वाद तयार होतो.

आणि हे मनापासून सांगावंसं वाटतं: तेराव्याच्या गडबडीत, डोळ्यांतलं पाणी वाळायच्या आत बहिणीपुढे कागद सरकवू नका. दस्ताचा मसुदा तिला आधी द्या, घरी नेऊ द्या, तिच्या माणसांशी बोलू द्या. तिला पैसे द्यायचे ठरले असतील तर आकडा, चेकचा क्रमांक आणि तारीख दस्तातच लिहा. माहेर टिकवायचं असेल तर हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. ती हिस्सा घेणार असेल तर तेही तितक्याच मोकळेपणानं मोजून द्या. कसायला येणं जमत नसेल तर तिचा हिस्सा भाऊ खंडानं कसू शकतो. वर्षाचा खंड आणि मुदत लेखी ठेवा.

वाटणी कोणत्या वाटेनं करायची

वाटा तीन आहेत. सगळे एकमतानं असतील तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज, किंवा दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत वाटणीपत्र. एकमत नसेल तर दिवाणी दावा.

कलम ८५ च्या अर्जाला सातबारा, ८अ, सर्वांची संमती, प्रस्तावित वाटपाचं पत्रक आणि कच्चा नकाशा लागतो. तहसीलदार नोटिसा काढतात, सगळ्यांचे जबाब घेतात आणि आदेश देतात. खर्च कमी. पण एकानंही मालकीबद्दल हरकत घेतली तर तहसीलदार तो वाद सोडवू शकत नाहीत, प्रकरण तिथेच थांबतं. आणि या वाटेनं कुणाला शून्य हिस्सा देता येत नाही. त्यासाठी आधी हक्कसोडपत्र हवं.

वाटणीपत्राचा फायदा असा की त्यात विहीर, रस्ता, झाडं, मोटार, घर, कर्ज असं सगळं सविस्तर लिहिता येतं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक नाममात्र आहे आणि नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय २०२५ साली झाला. दस्त करण्याच्या दिवशीचा दर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून जा. घरात बोलणं शिल्लक असेल तर आम्ही नेहमी वाटणीपत्राचीच शिफारस करतो.

दिवाणी दाव्यात हिस्से न्यायालय ठरवतं, पण प्रत्यक्ष शेत तोडून देण्याचं काम हुकूमनाम्यानंतर महसूल खात्याकडेच येतं. म्हणजे शेवटी मोजणीदार आणि तहसीलदार तेच. फक्त मध्ये बरीच वर्षं गेलेली असतात.

एक अडथळा आधीच बघून घ्या: तुकडेबंदी. १९४७ च्या कायद्यानं ठरावीक प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा वाटणीतून पाडता येत नाही. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. तीस गुंठे जिरायत आणि वारस पाच, तर पाच तुकडे होणार नाहीत. अशा वेळी एकानं बाकीच्यांचे हिस्से नोंदणीकृत दस्तानं घ्यावेत, किंवा नावं सामाईक ठेवून एकानं कसावं आणि बाकीच्यांना खंड द्यावा. एखाद्या वारसाला आपला हिस्सा बाहेर विकायचा असेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ नं बरोबरच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क आहे. शेतजमिनीलाही हे कलम लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं आहे.

बांधावर: तोड कशी पाडायची

इथे घाई करू नका. कागद दुरुस्त होतो, चुकीची पाडलेली तोड पिढ्यान्‌पिढ्या छळते.

आपलं १६० गुंठ्यांचं शेत ३३० फूट रुंद आणि ५२८ फूट लांब आहे असं धरा: दहा साखळ्या बाय सोळा साखळ्या. रस्ता वरच्या ३३० फुटांच्या बाजूला. रस्त्याकडची जमीन मुरमाड, उतार खाली ओढ्याकडे, खालची काळी. विहीर खालच्या कोपऱ्यात. असं शेत महाराष्ट्रात कुठेही दिसेल.

पहिला पर्याय, उभ्या पट्ट्या: चौघांना प्रत्येकी साडेब्याऐंशी फूट रुंद, ५२८ फूट लांब. प्रत्येकाला रस्ता मिळाला, प्रत्येकाला थोडी मुरमाड आणि थोडी काळी मिळाली. नव्या रस्त्याला जागा द्यावी लागत नाही. तीन फुटी तीन बांध ५२८ फुटांचे, म्हणजे बांधाखाली सुमारे ४.४ गुंठे गेले. तोटा असा की पट्टीत नांगरट लांबीनं, म्हणजे उताराच्या दिशेनंच होते. आडवं नांगरायचं तर ब्याऐंशी फुटांत ट्रॅक्टर सारखा वळवावा लागतो. मग प्रत्येक पावसाळ्यात सरीतून माती ओढ्याला जाते.

दुसरा पर्याय, आडव्या पट्ट्या: प्रत्येकी १३२ फूट बाय ३३० फूट. नांगरट उताराला आडवी होते, माती थांबते, बांध लहान होतात, फक्त २.७ गुंठे. पण रस्ता पहिल्या पट्टीलाच आहे. बाकी तिघांसाठी कडेनं १२ फुटी रस्ता ३९६ फूट आत न्यावा लागतो, त्यात आणखी ४.४ गुंठे जातात. आणि वरच्या भावाला सगळी मुरमाड, खालच्याला सगळी काळी.

दोन्हीतून निवडताना, उतार फारच असेल तर आडवी तोड घ्या आणि जमिनीच्या प्रतीचा फरक क्षेत्रात भरून काढा. त्याची रीत साधी आहे. समजा १०० गुंठे काळी आणि ६० गुंठे मुरमाड. काळीचा गुंठा एक धरला आणि सगळ्यांच्या मते मुरमाडाचा गुंठा ०.६, तर एकूण किंमत १०० अधिक ३६, म्हणजे १३६. प्रत्येकाच्या वाट्याला ३४. जो पूर्ण मुरमाडात राहील त्याला सुमारे ५६.७ गुंठे, जो पूर्ण काळीत राहील त्याला ३४ गुंठे. वाटणीपत्रात क्षेत्रं असमान दिसतील, म्हणून त्याचं कारण दस्तात लिहा, नाहीतर पुढची पिढी 'आमच्या बापाला कमी दिलं' म्हणून उभी राहील. ०.६ हा आकडा कसा ठरवायचा? गेल्या तीन-चार वर्षांत दोन्ही तुकड्यांत त्याच पिकाचं एकरी उत्पन्न किती आलं ते मांडा. अंदाजावर भांडण होतं, पोत्यांच्या हिशोबावर सहसा होत नाही.

तोड पाडणाऱ्यानं शेवटी निवडायचं, ही जुनी रीत आजही चांगली. एकानं वाटे पाडायचे, धाकट्यापासून निवड सुरू करायची.

विहीर, पाणी, रस्ता

विहीर कुणाच्याही पट्टीत आली तरी तिच्याभोवती निदान एक साखळी बाय एक साखळी, म्हणजे एक गुंठा, सामाईक ठेवा. गाळ काढायला, यारी लावायला, मोटार वर घ्यायला तेवढी जागा लागतेच. विहिरीपर्यंतची वाटही सामाईक. सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'सामाईक विहीर, प्रत्येकी ¼ हिस्सा' अशी नोंद व्हायला हवी. फक्त दस्तात लिहून भागत नाही.

पाइपलाइन ज्याच्या पट्टीतून जाईल त्याची संमती आणि लाइनीचा मार्ग नकाशावर दाखवा. नांगराच्या फाळाला लागणार नाही इतकी, अडीच-तीन फूट खोल टाका.

पाण्याची पाळी ठरवताना एक बारीक गोष्ट बघा. शेतीची थ्री-फेज वीज काही वार दिवसा, काही वार रात्री मिळते. सात दिवसांचं चक्र ठेवलं तर एकाच्या वाट्याला कायम रात्रीचे वार येतात. चौघांना प्रत्येकी दोन दिवस, असं आठ दिवसांचं चक्र ठेवा. वार आपोआप एकेक सरकतो आणि रात्रीचं जागरण सगळ्यांत वाटलं जातं. वीज गेली तर बुडालेली पाळी भरून मिळणार की नाही, मोटार जळली तर खर्च कसा, गाळ किती वर्षांनी काढायचा, ही तीन वाक्यं वाटणीपत्रात हवीतच.

रस्त्याची रुंदी फुटांत लिहा. 'वहिवाटीचा रस्ता' हे शब्द पुरेसे नाहीत. बैलगाडीला आठ फूट पुरत, उसाच्या ट्रॉलीला बारा लागतात. पावसाचं पाणी वरच्या पट्टीतून खालच्या पट्टीत कुठून उतरेल ती चारीही नकाशावर दाखवा. बांधावरच्या आंब्या-चिंचेचं फळ कुणाचं, तेही लिहा.

मोजणी

वाटणीपत्राच्या आधी घरगुती मोजणी चालते, पण हद्दी कायम होतात त्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयाच्या मोजणीनंच. अर्ज करताना 'हद्दकायम' (गटाची बाहेरची हद्द) आणि 'पोटहिस्सा' (आतले वाटे) यातला फरक लक्षात घ्या. गटाची बाहेरची हद्दच वादात असेल तर आधी हद्दकायम मोजणी करा. बाहेरची हद्द चुकलेली असताना आतले हिस्से पाडले तर चौघांचेही चुकतात.

अर्ज हिवाळ्यातच टाका, म्हणजे तारीख एप्रिल-मे मध्ये रान मोकळं असताना मिळण्याची शक्यता वाढते. उभ्या उसात मोजणी होत नाही. लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस गेली का, याची स्वतः खात्री करा. ते गैरहजर राहिले तर नंतर खुणा उपटल्या जातात. मोजणीदार खुणा दाखवतो त्याच दिवशी दगड दोन-अडीच फूट खोल गाडा, फक्त वर टेकवून ठेवू नका. मधल्या बांधावर घायपात लावली की दरवर्षी नांगरानं बांध कोरायची सवय आपोआप मोडते. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत प्रत्येक हिस्सेदारानं वेगळी घ्यायची.

फेरफार आणि त्यानंतर

दस्त नोंदला की फेरफार धरला जातो, नोटीस, १५ दिवस, प्रमाणन, हे पुन्हा तसंच. पोटहिस्सा मोजणी आणि आकारफोड (आकार, म्हणजे शेतसारा, हिश्शांत विभागणं) झाली की गटाचे हिस्से पडून प्रत्येकाचा स्वतंत्र सातबारा होतो.

सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आधी बघा. तो फेडला नसेल तर वाटणीनंतर सगळ्यांच्या सातबाऱ्यावर उतरतो. एका भावानं ट्रॅक्टरसाठी काढलेलं कर्ज बाकीच्या तिघांच्या पीककर्जाला आडवं येतं. फेडलेलं असेल तर बेबाकी दाखला देऊन बोजा कमी करून घ्या. परतफेड झाली म्हणून बोजा आपोआप उतरत नाही.

मग महावितरणची जोडणी नावावर करा, शेतकरी ओळख क्रमांक काढा, ई-पीक पाहणी स्वतःच्या खात्यावर सुरू करा. पीएम किसानसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही जमीनधारणेची तारीख आहे, पण त्यानंतर वारसाहक्कानं नाव लागलं असेल तर अपात्र ठरत नाही. त्यासाठी वारस फेरफाराची नक्कल जपून ठेवा.

नवे सातबारे हातात आले की चौघांनी एकत्र बसून बेरीज करा. चार क्षेत्रांची बेरीज जुन्या क्षेत्राइतकी आली पाहिजे, पोटखराब्यासह. चार आकारांची बेरीज जुन्या आकाराइतकी. नावांतलं एकेक अक्षर आधारशी ताडून पाहा. सामाईक विहीर आणि रस्ता चारही उताऱ्यांच्या इतर हक्कात आहे का, ते बघा. लेखनाची चूक सापडली तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या, आणि तो सगळे हिस्सेदार हयात आणि बोलते असतानाच द्या.